इन्स्पेक्टर घोटे : न पाहिलेल्या मुंबईतील मराठी माणूस

रहस्यकथेला आपल्या साहित्यविचारात मानाचे पान क्वचितच मिळाले आहे. प्रवासात वाचावी, वाचून झाल्यावर शेजारच्या उतारूला द्यावी आणि स्टेशन आले की विसरून जावी, अशीच तिची ख्याती. तरीही प्रस्तुत लेखात एका इंग्रजी रहस्यकादंबरीचा विचार करण्याचे योजले आहे. ही कादंबरी म्हणजे एच. आर. एफ. कीटिंग यांची ‘द परफेक्ट मर्डर’. १९६४ साली लंडनच्या कॉलिन्स प्रकाशनाच्या ‘क्राइम क्लब’ या मालिकेत ती प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी इंग्लंडमधील गुन्हेकथालेखकांच्या संघटनेचे ‘गोल्ड डॅगर’ हे सर्वोच्च पारितोषिक तिला मिळाले. तिचा नायक आहे मुंबई गुन्हे अन्वेषण विभागातील इन्स्पेक्टर गणेश घोटे. म्हणजे इंग्रज लेखकाने इंग्रज वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबरीचा नायक एक मराठी माणूस आहे. आणि विशेष असे की, ही कादंबरी लिहिली तेव्हा लेखकाने मुंबई पाहिलेली नव्हती. मुंबईच काय, हिंदुस्थानच्या भूमीवर त्यांचे पाऊलही पडलेले नव्हते.

भुसावळच्या एका रद्दीच्या दुकानात मला या पुस्तकाची जीर्ण प्रत मिळाली, तेव्हा ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. गाडीत बसून चाळताना मुखपृष्ठावरचे आडनाव वाचून कुतूहल वाटले, एवढेच. पुढे लेखकाविषयी कळले आणि पुस्तक पुन्हा वाचावेसे वाटले. दुसऱ्या वाचनात जे प्रश्न पडले ते केवळ त्या पुस्तकापुरते राहिले नाहीत. खकनारसारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या मराठी घर चालवणाऱ्या माणसांशी त्यांचा जवळचा संबंध आहे, असे मला वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

कीटिंग यांचा जन्म १९२६ चा, मृत्यू २०११ चा. ‘द टाइम्स’ या दैनिकात त्यांनी दीर्घकाळ गुन्हेकथांचे परीक्षण लिहिले. चेस्टरटन, ख्रिस्ती, सेयर्स प्रभृतींनी १९३० मध्ये स्थापन केलेल्या ‘डिटेक्शन क्लब’चे ते पुढे अध्यक्षही झाले. परंतु साठच्या दशकाच्या आरंभी त्यांच्यापुढे एक व्यावहारिक अडचण होती. त्यांच्या आधीच्या कादंबऱ्या फारच ब्रिटिश वळणाच्या आहेत असे म्हणून अमेरिकन प्रकाशक त्या घेत नव्हते. तेव्हा पार्श्वभूमी बदलावी असे त्यांनी ठरवले आणि त्यांची निवड हिंदुस्थानावर पडली. नकाशे, पुस्तके आणि वर्तमानपत्रे यांच्या आधारे त्यांनी आपली मुंबई उभी केली. नायकाचे नाव त्यांनी आधी ‘घोष’ असे योजले होते. ते आडनाव बंगाली असल्याचे ध्यानात आणून दिले गेल्यावर ‘घोष’चा ‘घोटे’ झाला. एकाच पुस्तकापुरता जन्मलेला हा इन्स्पेक्टर पुढे चार दशकांहून अधिक काळ त्यांच्या लेखणीत राहिला.

या कादंबरीचे महत्त्व नीट लक्षात येण्यासाठी ब्रिटिश रहस्यकथेत हिंदुस्थानचे स्थान काय होते, याकडे क्षणभर पाहिले पाहिजे. इंग्रजीतील पहिल्या थोर रहस्यकादंबऱ्यांत जिची गणना होते ती विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ १८६८ ची. तिचा आरंभच १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीत होतो. एका देवमूर्तीचा हिरा इंग्रज अधिकारी बळकावतो आणि त्याच्या मागावर तीन ब्राह्मण विलायतेत येतात. कॉलिन्स यांना त्या ब्राह्मणांविषयी सहानुभूती आहे आणि मूळ चोरी इंग्रजाची आहे हे ते लपवत नाहीत. तरी ते तिघे कथेच्या कडेला, अंधारातच वावरतात. शोध घेण्याचा मान सार्जंट कफचा. १८९० च्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये कॉनन डॉयल यांनी आग्ऱ्याचा खजिना आणि अंदमानचा आदिवासी आणला, उकल मात्र बेकर स्ट्रीटच्या दिवाणखान्यात झाली. स्वस्त कथांत तर पौर्वात्य खलनायक इतका बोकाळला की, १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले तेव्हा कथेत चिनी माणूस आणू नये असा एक नियमच त्यांना करावा लागला. तात्पर्य, पूर्वेकडून हिरे येत, विषे येत, शाप येत आणि संशयित येत. बुद्धी मात्र इंग्लंडची असे.

कीटिंग यांनी ही मांडणी उलटी केली. त्यांच्या कादंबरीत गुन्हाही मुंबईतला आणि तो उलगडणारी बुद्धीही मुंबईतलीच. गोरा माणूस येथे आहे; पण तो पाहुणा आहे. अॅक्सेल स्वेन्सन हा युनेस्कोने पाठवलेला धिप्पाड स्वीडिश तज्ज्ञ हिंदी पोलिसांच्या कार्यपद्धतीचा अभ्यास करावयास आला आहे आणि घोटेच्या मागे मागे फिरतो आहे. त्याला पुष्कळ गोष्टी कळत नाहीत. त्या त्याला समजावून सांगण्याचे काम घोटेकडे आहे. होम्स आणि वॉटसन यांच्या जोडीत वॉटसनची जागा युरोपीय माणसाला देऊन लेखकाने ही उलटापालट न बोलता साधली आहे. स्वेन्सनच्या रूपाने स्वतः लेखकच या अनोळखी शहरात दबकत फिरतो आहे, असेही वाचताना जाणवते.

कथानक थोडक्यात असे. लाला अरुण वर्दे या बड्या धनिकाच्या वाड्यात त्याचा वृद्ध पारशी चिटणीस डोक्यावर आघात होऊन पडलेला सापडतो. या चिटणिसाचे आडनाव ‘परफेक्ट’. इंजिनीयर, कॉन्ट्रॅक्टर अशी आडनावे असणाऱ्या समाजात हेही आडनाव खपून जाते. वर्तमानपत्रांना मात्र आयताच मथळा मिळतो आणि प्रकरणाला ‘परफेक्ट मर्डर’ हे नाव पडते. ‘निर्दोष खून’ हा इंग्रजी रहस्यकथेचा जुना ध्यास; येथे तो केवळ शब्दश्लेष होऊन बसतो. कारण परफेक्ट मेलेलाच नाही. तो शुद्ध हरपून मृत्यूच्या उंबरठ्यावर पडून आहे. खून झाला असे सारे शहर म्हणते आणि ज्याचा खून झाला तो श्वास घेतो आहे, अशा चमत्कारिक स्थितीत घोटेला तपास करावयाचा आहे. त्यातच वरून हुकूम येतो : पोलीस आणि कला अशी दोन खाती सांभाळणाऱ्या मंत्रिमहोदयांच्या मेजावरून एक रुपयाची नोट नाहीशी झाली आहे, तिचाही छडा तातडीने लावावा. रहस्यकथेच्या समीक्षेचा संकेत पाळून उकल येथे सांगत नाही. वाचकाने ती स्वतःच गाठावी.

माझ्या मते या कादंबरीचे सारे सत्त्व त्या एका रुपयात आहे. एका पारड्यात माणसाचा जीव, दुसऱ्या पारड्यात मंत्र्याचा रुपया, आणि तागडी धरणारा एक मध्यमवर्गीय नोकरदार. वरिष्ठांच्या दृष्टीने कोणते पारडे जड आहे हे घोटेला कळते. आपल्या मनाच्या दृष्टीने कोणते जड आहे हेही कळते. लालाच्या वाड्यात त्याला दरडावले जाते, मंत्र्याच्या कचेरीत ताटकळत ठेवले जाते आणि घरी पत्नी प्रोतिमा व लहानगा वेद यांना दिलेला शब्द तपासापायी मोडतो. तो चिडतो, पण मनातल्या मनात. असे असूनही तो तपास सोडत नाही. हर्क्यूल पॉयरोसारखा बुद्धीचा दिमाख त्याच्याजवळ नाही. आपल्याला हे काम जमेल ना, ही शंका त्याला सतत पोखरते. मात्र दिवस संपता संपता तो शंकेसह पुन्हा कामाला लागतो. तहसील कचेरीत, शाळेत, पोस्टात किंवा जंगलखात्यात ज्यांनी उमेद घालवली त्या आपल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांना हा माणूस ओळखीचा वाटेल. साहेबापुढे मान खाली आणि कामात मान ताठ, अशी ती जात होती.

घोटेचा एक आधार म्हणजे हान्स ग्रोस यांचा गुन्हेतपासावरील जाडजूड ग्रंथ. तो त्याला वेदवाक्य मानतो. हा ग्रंथ कल्पित नाही. ग्रोस हे ऑस्ट्रियातील न्यायदंडाधिकारी. १८९३ मध्ये त्यांनी तो जर्मनमध्ये लिहिला. त्याचा इंग्रजी अवतार मात्र मद्रासेत तयार झाला. जॉन अॅडम आणि जे. कॉलियर अॅडम यांनी हिंदी आणि वसाहतींतील व्यवहाराला अनुसरून तो रूपांतरित केला आणि १९०६ मध्ये तो मद्रासलाच छापला गेला. ऑस्ट्रियाच्या विद्येला मद्रासेत इंग्रजी रूप मिळावे आणि पुढे एका इंग्रज कादंबरीकाराने ते मुंबईच्या मराठी इन्स्पेक्टराच्या हाती द्यावे, हा प्रवास मोठा अर्थपूर्ण आहे. ग्रंथात सर्व काही क्रमवार लिहिलेले असते; लालाच्या वाड्यात काहीच क्रमाने घडत नाही. पुस्तकी शिस्त आणि भोवतालचा गोंधळ यांची ही ओढाताण कादंबरीत विनोदालाही जन्म देते आणि करुणेलाही.

आता दोषांकडे वळू. मराठी वाचकाला पहिली ठेच नावांपाशी लागते. ‘लाला’ ही उपाधी उत्तरेकडील व्यापाऱ्याची, ‘वर्दे’ हे आडनाव कोकण-गोमंतकातले. ही दोन्ही एका माणसाला कशी चिकटली, याचा खुलासा नाही. नकाशावरून देश पाहिल्याची ही खूण आहे. १९८८ मध्ये झफर हाय यांनी या कादंबरीवर चित्रपट काढला तेव्हा ही विसंगती दूर झाली. अमजद खान यांनी रंगवलेला धनिक तेथे लाला हीरालाल आहे. नसीरुद्दीन शाह यांचा घोटे आणि रत्ना पाठक यांची प्रतिमा पाहताना मूळ कादंबरीत उणी असलेली घरगुती ऊब काही अंशी भरून निघते. कादंबरीतील ‘प्रोतिमा’ हा बंगाली उच्चार बहुधा त्या टाकून दिलेल्या ‘घोष’चाच अवशेष असावा.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे आणि तो भाषेचा आहे. कीटिंग यांची सारी हिंदी पात्रे एकाच सुरात, क्रियापदे लांबवत जाणारे एक ठरावीक इंग्रजी बोलतात. पानोपानी ते वाचताना गंमत ओसरते आणि आपल्याला कोणी वेडावून दाखवीत आहे की काय, असा संशय येतो. पण मला खटकले ते याहून वेगळे. खरा घोटे मुंबईत तपास करता तर हवालदाराशी मराठीत बोलला असता, टॅक्सीवाल्याशी मुंबईच्या हिंदीत, पारशी चिटणिसाच्या आप्तांशी मोडक्या गुजरातीत आणि मंत्र्यांशी जपून वापरलेल्या इंग्रजीत. कोण कोणत्या भाषेत खोटे बोलतो, घाबरल्यावर कोण मातृभाषेवर येतो, कोणाच्या ‘ळ’च्या उच्चारावरून त्याचे गाव कळते, ही बहुभाषी शहरातील डिटेक्टिव्हची खरी हत्यारे. ज्याला शेरलॉक होम्सच्या भिंगाची सर यावी असे साधन घोटेच्या कानात होते, आणि लेखकाला ते दिसले नाही. १९६० मध्ये मुंबई मराठी भाषिकांच्या राज्याची राजधानी झाली. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी आलेल्या या कादंबरीत एका मराठी अधिकाऱ्याच्या मनात त्या घटनेचे पडसाद उमटत नाहीत, हेही याच उणिवेचे अंग होय. घोटे मराठी आहे असे आपल्याला सांगितले जाते. त्याची मराठी आपल्याला कोठेच ऐकू येत नाही.

येथे बाबूराव अर्नाळकरांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९०६ ते १९९६ असे दीर्घ आयुष्य लाभलेल्या या लेखकाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळा पहाड ही नावे आपल्या घरांतील एका पिढीला देवादिकांच्या नावांइतकी पाठ होती. अर्नाळकरांची मुंबई वाचताना भाषेचा अडथळा येत नाही. तेथील माणसे मराठीतच धमकावतात आणि मराठीतच पकडली जातात. मात्र त्यांचे नायक सदैव विजयी, देखणे आणि निर्भय असतात. साहेबाच्या कपाळावरच्या आठीने ज्याची झोप उडते असा नायक त्या झगमगाटात मावला नसता. आपण कसे असावे याचे स्वप्न झुंजारने दाखवले. आपण कसे आहोत हे घोटेने दाखवले, आणि तेही परक्याच्या लेखणीतून. या वस्तुस्थितीने मराठी लेखकाला थोडे अस्वस्थ करावयास हवे. प्रत्यक्षातही असे चिवट, शांत अधिकारी मुंबई पोलिसांत होते. १९८६ च्या एप्रिलमध्ये चार्ल्स शोभराजला गोव्यातील पर्वरीच्या एका उपाहारगृहात पकडणारे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी ते साधले ते संयमाच्या जोरावर. तेथे टपून बसून वाट पाहण्यात त्यांचे दिवस गेले होते.

पहिली कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतर सुमारे दहा वर्षांनी कीटिंग यांनी प्रथम मुंबई पाहिली. मुंबई न पाहता मुंबईवर लिहिणाऱ्या या लेखकाची वार्ता एअर इंडियाच्या कानावर गेली आणि कंपनीने त्यांच्या प्रवासाची सोय केली. प्रत्यक्ष दर्शनाने घोटे बदलला का? १९८६ ची ‘अंडर अ मॉन्सून क्लाउड’ वाचली तर उत्तर मिळते. तीत एका कर्तबगार वरिष्ठाने रागाच्या भरात फेकलेल्या दौतीने एका हाताखालच्या पोलिसाचा जीव जातो आणि ते लपवण्यास घोटे मदत करतो. पुढे चौकशी होते आणि खरे बोलावे की नोकरी वाचवावी, या प्रश्नापुढे तो उभा राहतो. येथे खून कोणी केला हे रहस्य उरतच नाही. रहस्य आहे ते घोटेच्या सदसद्विवेकाचे. एक रुपयाच्या तागडीपासून ही वाट सुरू झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘द परफेक्ट मर्डर’चे मोल अधिकच वाढते.

आता आरंभी उल्लेखिलेल्या प्रश्नाकडे येतो. न पाहिलेल्या प्रदेशाविषयी बोलण्याचा अधिकार कोणाला? हा प्रश्न कीटिंग यांच्याइतकाच आपल्यालाही लागू आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत निमाडची राजधानी नागपूर होती आणि हायकोर्टाची अपिलेही तेथेच चालत. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला नागपूर-वऱ्हाड एकीकडे गेले आणि आपण दुसरीकडे राहिलो. महाराष्ट्राची सीमा येथून काही कोसांवरच आहे. परंतु आपल्या नव्या पिढीचा महाराष्ट्र हा दिवाळी अंकांतून, नातलगांच्या लग्नांतून, पंढरीच्या वारीच्या वर्णनांतून आणि अलीकडे पडद्यावरून घडलेला आहे. म्हणजे कीटिंग यांच्या मुंबईसारखाच तो दुरून रचलेला आहे.

दुरून काय दिसते आणि काय निसटते, याची या कादंबरीत जणू नोंदच सापडते. माणसाची भीड, वरिष्ठाचा धाक, कर्तव्याची टोचणी आणि घरच्यांपुढचा अपराधीपणा हे सारे कीटिंग यांना लंडनमध्ये बसून अचूक दिसले, कारण त्यासाठी माणूस ओळखावा लागतो आणि तो कोठेही ओळखता येतो. भाषा मात्र त्यांना साधली नाही, कारण ती नकाशातून येत नाही. ती कानावर पडत राहावी लागते. आपल्याकडे आडनावे टिकली आहेत, कुळाचार टिकले आहेत, पुरणपोळी आणि गौरी-गणपती टिकले आहेत. पण हिंदी, निमाडी आणि कोरकू यांच्या सहवासात वाढणारी आपली नातवंडे घरात कोणत्या भाषेत रुसतात आणि कोणत्या भाषेत खोटे बोलतात, हे ज्याने त्याने आपापल्या ओसरीवर बसून ऐकावे. त्या इतर भाषांविषयी माझ्या मनात तक्रार नाही. त्यांनी आपल्याला शेजार दिला आणि आपल्या मराठीला एक वेगळी चवही दिली. परंतु मराठी ऐकू येईनाशी झाली तर आपणही नावापुरते घोटे होऊ : आडनाव बिनचूक, पत्ता बिनचूक, आणि तोंडी मात्र दुसऱ्या कोणी घातलेले शब्द.

‘द परफेक्ट मर्डर’ ही निर्दोष कादंबरी नव्हे. तिच्या विनोदात क्वचित वरून पाहण्याचा सूर लागतो, तिच्यातील नावे घोटाळतात आणि तिची भाषा मुंबईची नाही. तरीही आपल्या एका माणसाला तिने संशयिताच्या रांगेतून उचलून शोधकाच्या खुर्चीवर बसवले आणि त्याच्या भित्रेपणासकट त्याला सन्मान दिला, ही गोष्ट लहान नाही. ज्यांना इंग्रजी वाचणे सुलभ आहे त्यांनी ती अवश्य मिळवून वाचावी. आणि शक्य असल्यास घोटेचे संवाद मनातल्या मनात मराठीत करीत वाचावी. लेखकाला जे जमले नाही ते काम आपल्याला जमण्यासारखे आहे. निदान अजून तरी आहे.